सूक्ष्म जंतु तांब्याचा हिशेब कसा ठेवतात?

आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं तांब्याचा हंडा किंवा घागर असते, आणि बागाईतदारांच्या कोठीच्या कोपऱ्यांत मोरचुदाचें पोतें असतें. तांब्याच्या भांड्यांत पाणी चांगलें राहतें, असें आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. मोरचूद व चुना यांचें मिश्रण फवारिलें म्हणजे द्राक्षांवरील केवडा, लिंबावरील खैऱ्या व डाळिंबावरील तेल्या यांस आळा बसतो, असें शेतकी खात्याचे लोक सांगत आले. दोन्ही गोष्टींचें मूळ एकच. तें हें कीं, तांबें हें सूक्ष्म जीवांस विषासमान आहे. परंतु गेलीं कांहीं वर्षें आपल्या संघाच्या बैठकींत एक तक्रार वारंवार ऐकूं येते. "फवारे वाढले, मोरचुदाचा खर्च वाढला, पण पूर्वीसारखा गुण येत नाहीं." ही तक्रार करणारांत प्रस्तुत लेखकही होता.

लेखक शास्त्रज्ञ नव्हे. आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें, व निवृत्तीनंतर अडीच एकर डाळिंबाची बाग हेंच काय तें काम उरलें. जमा किती, खर्च किती आणि शिल्लक किती, हे तीन प्रश्न विचारण्याची खोड मात्र सुटली नाहीं. तीच येथें उपयोगीं पडली. तांब्यानें जंतु मरतात हें खरें, तर मग त्यांतून कांहीं वांचतात कसे, याचा शोध करूं लागलों. तेव्हां असें आढळलें कीं, डोळ्यांस न दिसणारा हा जीव आपल्या अंगांतील तांब्याचा जमाखर्च इतक्या काटेकोरपणें ठेवतो कीं, आम्हां कारकुनांनीं त्यापासून धडा घ्यावा. तो जमाखर्च कसा चालतो आणि त्याचा आपल्या फवाऱ्याशीं काय संबंध आहे, हें सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

तांब्याचें वैर :— आधीं दोन जुन्या-नव्या गोष्टी सांगतों. बंगळूर येथील संशोधकांनीं सन २०१२ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. पटकी, आमांश व विषमज्वर उत्पन्न करणारे जंतु पाण्यांत मुद्दाम सोडून तें पाणी त्यांनीं तांब्याच्या भांड्यांत सोळा तास ठेविलें. नंतर तपासून पाहतां त्यांत एकही जंतु जिवंत सांपडला नाहीं. म्हणजे आजीचें म्हणणें प्रयोगाच्या कसोटीस उतरलें.

दुसरी गोष्ट फ्रान्स देशाची. तेथील द्राक्षमळ्यांत सन १८७८ च्या सुमारास अमेरिकेंतून केवड्याचा रोग शिरला व बागाच्या बागा उजाड होऊं लागल्या. बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्डे हे सन १८८२ सालीं मेडोक प्रांतांतून जात असतां त्यांस असें दिसलें कीं, मळ्यांतील वेलींचीं पानें गळून गेलीं आहेत, पण रस्त्याकडेच्या वेलींचीं पानें मात्र हिरवीं आहेत. चौकशी करतां कळलें कीं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनीं द्राक्षें चोरून खाऊं नयेत म्हणून मळेवाल्यानें रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद व चुना यांचा निळा लेप शिंपडला होता. चोरांसाठीं केलेला उपाय रोगास लागू पडला! मिलार्डे यांनीं पुढें प्रयोग करून सन १८८५ सालीं ही कृति प्रसिद्ध केली. तेंच आपलें बोर्डो मिश्रण. आज सव्वाशेंहून अधिक वर्षें तें जगभर चालूं आहे.

तांब्याची गरज :— आतां नवलाची गोष्ट अशी कीं, जें तांबें जंतूस मारतें तेंच त्यास जगण्यास लागतें. ज्या जंतूंस हल्लीं जीवाणु म्हणतात ते बहुधा एकाच पेशीचे असतात. मनुष्याच्या आंतड्यांत राहणारा ई. कोलाय नांवाचा जंतु घेतला, तर एका मिलिमीटरांत असे सुमारें पांचशें जंतु एकापुढें एक मावतील. या जंतूवर शास्त्रज्ञांनीं पुष्कळ काम केलें आहे, म्हणून पुढील विवेचनांत तोच उदाहरणादाखल घेतला आहे. या इवल्या जीवासही श्वसन करावें लागतें. त्या श्वसनाच्या शेवटच्या पायरीवर जें प्रथिन काम करतें, त्याच्या मध्यभागीं तांब्याचा अणु बसविलेला असतो. तो नसेल तर तें प्रथिन निकामी. आणखी कांहीं प्रथिनांसही तांबें लागतें. मात्र ही गरज अल्प असते, आणि ई. कोलायमध्यें तांबें वापरणारीं जीं प्रथिनें ठाऊक झालीं आहेत, तीं सर्व पेशीच्या भिंतींत किंवा भिंतीबाहेरील चौकांत असतात. माजघरांत तांब्याचें कांहीं काम नाहीं.

तांबें मारतें कसें :— तांब्याचीं दोन रूपें असतात. एकावर विजेचा एक भार असतो, दुसऱ्यावर दोन. मोरचुदांत असतें तें द्विभारी तांबें. पेशीच्या आंत गेल्यावर तें एकभारी बनतें, आणि हें एकभारी रूप फार अनर्थकारक आहे. त्याला गंधकाची अतिशय ओढ असते. पेशीच्या पुष्कळ प्रथिनांत लोखंड व गंधक यांची एक बारीकशी जुळणी असते. तिच्यावांचून तें प्रथिन चालत नाहीं. तांबें येऊन त्या गंधकास चिकटतें, आणि लोखंडाचा अणु आपल्या जागेवरून निघून जातो. मोटेच्या चाकाचा आंस काढून त्याजागीं दुसऱ्याच मापाचा आंस ठोकावा म्हणजे चाक दिसावयास जागेवर दिसतें पण फिरत नाहीं, तशीच ही गत होते. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या मॅकॉम्बर व इम्ले या शास्त्रज्ञांनीं सन २००९ सालीं दाखवून दिलें कीं, पेशीच्या आंत तांब्याचा पहिला घाव या लोह-गंधक जुळणीवरच पडतो. शरीराच्या घडणीस लागणारीं कित्येक द्रव्यें त्यामुळें पेशीस बनवितां येत नाहींत, आणि तिची वाढ खुंटते.

सारांश, तांबें पाहिजे पण थोडें. पाहिजे पण ठराविक जागीं. आणि मोकळें तर मुळींच नको. अशा वस्तूचा कारभार हिशेबावांचून चालणें शक्य नाहीं.

माजघरांतील कारकून :— ई. कोलायची पेशी म्हणजे एक चिरेबंदी वाडा आहे, असें समजा. आंत माजघर, त्याभोंवतीं आंतली भिंत, मग एक अरुंद चौक, आणि शेवटीं बाहेरची भिंत. (खैऱ्या व तेल्या या रोगांच्या जंतूंचीही घडण अशीच दुहेरी भिंतींची आहे.) माजघरांत ज्या लांब तंतूवर त्या जीवाचें सर्व दप्तर लिहिलेलें असतें, त्या तंतूवर एका ठराविक जागीं क्यू-आर नांवाचें एक प्रथिन बसलेलें असतें. तोच या खात्याचा कारकून. तांब्याचा मोकळा अणु त्याच्या हातीं लागला कीं, तो आपल्या खालचा तंतु किंचित् पिळतो. त्या पिळण्यानें दप्तराचें तेवढें पान वाचण्याजोगें होतें, आणि त्या पानावर ज्यांची कृति लिहिलेली आहे तीं दोन प्रथिनें तयार होऊं लागतात. तांबें निघून गेलें, कीं नवीं प्रथिनें बनणें मंदावतें. विनाकारण खर्च नाहीं.

हा कारकून किती सावध असावा? अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील ओहॅलोरन, मोन्ड्रॅगॉन व त्यांचे सहकारी यांनीं सन २००३ सालीं याची घडण क्ष-किरणांनीं तपासली आणि त्याची संवेदनाही मोजली. तिचा आंकडा इतका सूक्ष्म निघाला कीं, त्याचा अर्थ एवढाच होतो : पेशीच्या माजघरांत तांब्याचा एकही अणु मोकळा राहूं नये. पेशींत तांब्याचे अणु एकंदरीत हजारों असतात, परंतु ते सर्व कोणत्या ना कोणत्या प्रथिनास बांधलेले असतात. खजिन्यांत पैसा आहे, पण प्रत्येक पैसा कोणत्या तरी सदराखालीं टिपलेला आहे, आणि सुटा पैसा टेबलावर एकही नाहीं, असा हा कारभार. माझ्या नोकरीच्या काळांत असें दप्तर क्वचितच पाहण्यांत आलें.

बाहेर घालविण्याचे दरवाजे :— क्यू-आरच्या इशाऱ्यानें जीं दोन प्रथिनें बनतात त्यांपैकीं पहिलें कॉप-ए. तें आंतल्या भिंतींत बसतें आणि पेशीची शक्ति खर्च करून एकभारी तांबें माजघरांतून चौकांत ढकलतें. विहिरींतील पाणी उपसण्यास जसें तेल किंवा वीज लागते, तसा याही पंपास खर्च आहे. तांबें उपसणारे असे पंप जंतूंत प्रथम ओळखले ते स्वित्झर्लंडांतील बर्न येथील ओडरमॅट व सोलिओझ यांनीं. सन १९९२-९३ च्या सुमारास त्यांनीं एंटेरोकॉकस हिरी नांवाच्या दुसऱ्या एका जंतूंत ते शोधून काढले. त्या जंतूंत तांब्याचा अणु एका प्रथिनाकडून दुसऱ्या प्रथिनाकडे हातोहात देणारा एक हमालही आहे. तो तांब्यास वाटेंत कोठेंच मोकळें सोडीत नाहीं. ई. कोलायचा पंप सन २००० सालीं सिद्ध झाला.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मनुष्याच्या शरीरांतही याच जातीचे पंप आहेत. ते जन्मतः बिघडलेले असले म्हणजे मेन्केसचा व विल्सनचा असे दोन रोग होतात. पहिल्यांत शरीरास तांबें मिळत नाहीं, दुसऱ्यांत तें यकृतांत व मेंदूंत सांचून राहतें. त्या दोन्ही रोगांचीं जनुकें सन १९९३ सालींच सांपडलीं. जंतूपासून मनुष्यापर्यंत तांब्याचें हें खातें एकाच नमुन्याचें आहे.

चौकांतील बंदोबस्त :— माजघरांतून काढलेलें तांबें चौकांत आलें म्हणजे काम संपलें असें नाहीं; तेथून तें पुन्हां आंत शिरूं शकतें. म्हणून क्यू-आरनें बनविलेलें दुसरें प्रथिन, क्यू-ओ, चौकांत पहारा करतें. तें एकभारी तांब्याचें द्विभारी तांबें करतें. द्विभारी तांबें आंतली भिंत सहजासहजीं ओलांडीत नाहीं, त्यामुळें धोका कमी होतो. याला प्राणवायु लागतो. प्राणवायु नसेल किंवा तांबें फारच वाढलें तर तिसरा बंदोबस्त कामास येतो. त्याचें नांव कस. यांत चौकांतील तांब्यावर नजर ठेवणारा एक निराळा पहारेकरी असतो. तो खबर माजघरांतील दप्तरापर्यंत पोंचवितो, आणि मग चौकापासून थेट बाहेरच्या भिंतीपलीकडे जाणारी एक नळी उभारली जाते. चौकांतील तांबें त्या नळीवाटें वाड्याबाहेर फेंकलें जातें. या नळीच्या मुख्य भागाची घडण आयोवा येथील शास्त्रज्ञांनीं सन २०१० सालीं उलगडली.

तांब्याचा तुटवडा पडला तर काय, असें कोणी विचारील. त्याचीही तजवीज कांहीं जंतूंनीं केलेली आहे. भाताच्या खाचरांत मिथेन वायु निपजतो, आणि त्यावर जगणारे जंतु तेथें असतात. मिथेन पचविणाऱ्या त्यांच्या एका प्रमुख प्रथिनास तांबें लागतें. म्हणून त्यांपैकीं कांहीं जंतु तांबें पकडून आणणारें एक लहानसें द्रव्य बाहेर सोडतात, आणि तांबें धरल्यावर तें परत आंत घेतात. त्या द्रव्याची रचना सन २००४ सालीं प्रसिद्ध झाली. तात्पर्य, जमा आणि खर्च या दोन्ही बाजू जंतु सांभाळतो.

फवाऱ्याखालीं काय होतें :— आतां आपल्या बागेकडे वळूं. बोर्डो मिश्रण पानावर वाळलें म्हणजे त्याचा पातळ थर बसतो. दंव, पाऊस व पानाच्या पृष्ठभागावरील स्त्राव यांनीं त्यांतील तांबें थोडें थोडें विरघळतें. त्या ओलाव्यांत जो जंतु येतो त्याच्या वाड्यांत तांब्याचा लोंढा शिरतो. वर सांगितलेला बंदोबस्त रोजच्या किरकोळ आवकेसाठीं आहे. या लोंढ्यापुढें तो अपुरा पडतो, आणि जंतु मरतो. आपला फवारा यशस्वी होतो तो एवढ्याच कारणानें कीं, जंतूच्या उपसण्यापेक्षां आपली आवक अधिक होते.

परंतु सर्व जंतूंचा बंदोबस्त सारखा नसतो. कॅलिफोर्निया प्रांतांत टोमॅटोच्या पानांवर काळे ठिपके आणणाऱ्या सूडोमोनस जातीच्या जंतूंत सन १९८६ सालीं बेंडर व कुक्सी यांस असे कांहीं वंश आढळले कीं, तांब्यानें ते मरेनात. पुढें पाहतां असें दिसलें कीं, त्यांच्यापाशीं चौकांत व बाहेरच्या भिंतींत तांबें बांधून ठेवणारीं जादा प्रथिनें आहेत. तांबें माजघरांत जाऊंच न देतां तें चौकांत कोंडून ठेवावयाचें, ही त्यांची युक्ति. तांबें मिसळलेल्या खाद्यावर हे जंतु वाढविले म्हणजे त्यांचे पुंजके चक्क निळे दिसतात. मोरचुदाचा रंग अंगावर बाळगून जंतु जिवंत राहतो!

हा प्रकार तेवढ्यापुरता नव्हता. फ्लॉरिडांत मिरचीवर ठिपक्यांचा रोग आणणारे झँथोमोनस जातीचे जंतु तांब्यास दाद देत नाहींत, असें सन १९८३ सालीं प्रसिद्ध झालें. अर्जेंटिना देशांत लिंबूवर्गीय झाडांवरील खैऱ्याच्या जंतूंत असे वंश सन १९९४ सालीं सांपडले. आपल्याकडील लिंबावरील खैऱ्या व डाळिंबावरील तेल्या हे झँथोमोनस जातीच्याच जंतूंचे प्रताप आहेत, हें येथें लक्षांत ठेवावें.

याहून काळजीची गोष्ट अशी कीं, या जादा बंदोबस्ताची कृति पुष्कळदां मुख्य दप्तरांत नसून प्लास्मिड नांवाच्या एका सुट्या कड्यावर लिहिलेली असते. हें कडें एक जंतु दुसऱ्यास देऊं शकतो. शेजाऱ्यानें शेजाऱ्यास दस्तऐवजाची नक्कल द्यावी तसा हा व्यवहार. डेन्मार्कांत डुकरांच्या खाद्यांत वाढीसाठीं मोरचूद घालीत. तेथील हासमन व आरेस्ट्रप यांनीं सन २००२ सालीं दाखविलें कीं, त्या डुकरांच्या आंतड्यांतील एंटेरोकॉकस जंतूंत तांब्यास न जुमानण्याचें जनुक अशाच कड्यावर असून, मनुष्याच्या रोगांवर वापरल्या जाणाऱ्या कांहीं औषधांस न जुमानण्याचे गुणही त्याच जंतूंत बरोबर नांदत होते. म्हणजे तांब्याचा अतिरेक केवळ आपल्या बांधापुरता राहत नाहीं.

कोणी असें समजूं नये कीं, जंतु फवारा पाहून युक्ति शिकतो. तो शिकत नाहीं, निवडला जातो. लाख जंतूंत दोन-चार असे असतील कीं ज्यांचा उपसा मोठा आहे. एरव्हीं त्यांस कांहीं विशेष लाभ नाहीं, कारण उपशाचा खर्चही त्यांनाच सोसावा लागतो. पण आपण दर आठवड्यास मोरचूद मारूं लागलों म्हणजे बाकीचे मरतात, आणि रान त्या दोन-चारांस मोकळें मिळतें. तण काढतांना एकाच जातीचें तण दरसाल मागें ठेवावें, म्हणजे चार वर्षांनीं शेतांत दुसरें कांहीं उरत नाहीं, हें आपण जाणतोंच.

माझा अनुभव :— एका वर्षीं मीं मृग बहार धरला. पाऊस लांबला, तेल्या दिसूं लागला, आणि मी घाबरलों. त्या बहारांत मीं अकरा फवारे मारले. पहिले एक टक्क्याचे होते. पुढें माझ्याच मनानें प्रमाण दीड व दोन टक्क्यांवर नेलें. कोंवळीं पानें करपलीं, फुटवा खुरटला, आणि तेल्यानें तरीही निम्मीं फळें नेलीं. माझ्या बागेंतील जंतु तांब्यास न जुमानणारे होते, असा माझा दावा नाहीं; तशी परीक्षा मीं करविली नाहीं. फळाच्या सालींत एकदां शिरलेल्या जंतूस वरचा थर लागत नाहीं, एवढें कारणही पुरेसें आहे. पण अकरावा फवारा मारतांना मीं एकदांही विचारलें नव्हतें कीं, पहिल्या दहांचें तांबें गेलें कोठें? जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्यानें स्वतःचा हिशेब मांडला नाहीं, ही लाज आजही वाटते.

तो हिशेब आतां मांडतों. मोरचुदांत वजनानें सुमारें चौथा हिस्सा तांबें असतें. एक टक्क्याच्या शंभर लिटर मिश्रणांत एक किलो मोरचूद, म्हणजे सुमारें अडीचशें ग्रॅम तांबें पडतें. एकरीं चारशें लिटर फवारिलें तर एका फवाऱ्यांत एक किलो तांबें झालें. एका एकराची वरची सहा इंच माती अजमासें आठ लाख किलो धरूं. वर्षास चार फवारे आणि सर्व तांबें त्याच मातींत राहिलें असें धरल्यास, दर किलो मातीमागें वर्षास पांच मिलिग्रॅम व वीस वर्षांत शंभर मिलिग्रॅम तांबें वाढेल. तांबें कुजत नाहीं, उडून जात नाहीं, आणि पिकाबरोबर फारच थोडें जातें. युरोपांतील कित्येक जुन्या द्राक्षमळ्यांच्या मातींत तें किलोमागें शंभर मिलिग्रॅमच्याही पुष्कळ वर गेलेलें आढळलें आहे. म्हणूनच युरोपीय संघानें सन २०१८ सालीं नियम करून सात वर्षांत मिळून हेक्टरीं अठ्ठावीस किलोंची, म्हणजे सरासरीनें वर्षास चार किलोंची मर्यादा घातली. माझ्या त्या एका बहाराचें तांबें प्रत्येक फवारा एक टक्क्याचाच धरला तरी एकरीं अकरा किलो, म्हणजे हेक्टरीं सत्तावीस किलोंवर जातें. सात वर्षांचें तांबें मीं एका हंगामांत ओतलें! मातींतील उपयोगी जंतु, गांडुळें व मुळ्या यांसही हेंच तांबें बाधतें.

काय करावें :— मोरचूद टाकून द्या, असें माझें म्हणणें नाहीं. तें अद्याप उपयोगी आहे, आणि उपयोगी राहावें म्हणूनच खालील गोष्टी पाळाव्या.

पहिली, फवारा हा कुंपण आहे, औषध नव्हे. छाटणीनंतर व पाऊस येण्यापूर्वीं निरोगी पानावर थर बसला पाहिजे. डाग दिसल्यानंतरचा फवारा फक्त न लागलेल्या भागास राखतो.

दुसरी, प्रमाण सोडूं नये. एक टक्क्याच्या मिश्रणास एक किलो मोरचूद, एक किलो चांगला कळीचा चुना व शंभर लिटर पाणी घ्यावें. दोन्ही निरनिराळ्या प्लास्टिकच्या किंवा लाकडी भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावें. लोखंडी भांडें वापरूं नये. तयार मिश्रणांत स्वच्छ लोखंडी खिळा किंवा सुरी क्षणभर धरावी. तीवर तांबूस पूट चढलें तर चुना कमी पडला असें समजून चुन्याची निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशीं वापरून संपवावें. अशक्त मिश्रण जंतूंस मारीत नाहीं, आणि तीव्र मिश्रण आपल्याच पानांस मारतें.

तिसरी, तांब्यावर भिस्त कमी ठेवावी. रोगट फांद्या व फळें काढून बागेबाहेर जाळावीं. कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेतांना सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावांत बुडवावी. रोपें निरोगी बागेंतूनच आणावीं. तेल्याच्या भागांत मृग बहाराऐवजीं हस्त बहार धरावा आणि तोडणीनंतर झाडास तीन-चार महिने विसांवा द्यावा. सोलापूर येथें डाळिंबाचें राष्ट्रीय संशोधन केंद्र सन २००५ सालीं निघालें, तें आपणांस दूर नाहीं. शंका असल्यास तेथें जाऊन विचारावें.

चौथी, दर दोन-तीन वर्षांनीं माती तपासतांना तांब्याचा आंकडाही मागून घ्यावा.

पांचवी, आणि माझ्या मतें मुख्य, फवाऱ्याची वही ठेवावी. तारीख, मिश्रणाचें प्रमाण, लिटर, पडलेलें तांबें, पाऊस केव्हां पडला आणि डाग केव्हां दिसले, एवढीं सहा घरें पुरेत. गेल्या तीन बहारांपासून मी ही वही ठेवतों. फवारे अकरावरून चारांवर आले आहेत. तेल्या नाहींसा झालेला नाहीं, पण निम्मीं फळें नेण्याइतका तो पुन्हां माजला नाहीं. याचें श्रेय एकट्या वहीस देतां येणार नाहीं, कारण बहारही मीं बदलला. तथापि घाबरून फवारा मारण्याची संवय मात्र वहीनेंच मोडली. आजची नोंद केल्यावांचून पंप उचलावयाचा नाहीं असा नियम केला, म्हणजे मागची नोंद आपोआप डोळ्यांखालून जाते.

अति तेथें माती, ही म्हण आपण सहज बोलतों. तांब्याच्या बाबतींत ती अक्षरशः खरी आहे, कारण जें अति होतें तें मातींतच राहतें. ज्या जंतूशीं आपला झगडा आहे तो एका अणूचाही हिशेब चुकवीत नाहीं. आपण निदान किलोंचा तरी ठेवावा. संघाच्या ज्या सभासदांनीं अशा नोंदी ठेवल्या असतील त्यांनीं त्या संघाच्या कचेरींत आणून द्याव्या, म्हणजे येत्या बहारानंतर सर्वांच्या नोंदी एकत्र मांडून आपल्या भागास किती फवारे खरोखर लागतात हें ठरवितां येईल. इत्यलम्.